एक्समूरच्या उतारांवरचे ते चर निचऱ्याचे नव्हेत

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, एक्समूरच्या कुरणांत, उतारावर एकाखाली एक उथळ चर दिसतात. पाणथळ जमीन सुकवायला ते खणले, असं अजूनही सांगितलं जातं. काम नेमकं उलटं होतं, पाणी आणण्याचं. उद्योजक जॉन नाइट यांनी १८१८ मध्ये विकत घेतलेल्या तिथल्या राजवनात, म्हणजे पूर्वी राजाच्या शिकारीसाठी राखलेल्या माळरानात, पुढे वसलेल्या शेतांभोवतीही ते आहेत.

निचऱ्याचा चर उताराच्या दिशेने धावतो. हे चर उताराला आडवे, किंचित ढाळ देऊन काढलेले. झऱ्याचं किंवा ओहोळाचं पाणी वरच्या पाटात सोडायचं, जागोजागी गवताच्या ढेकळांनी अडवायचं. मग ते खालच्या काठावरून सांडतं आणि गवतातून पातळ थराने उतरतं. खालचा चर ते धरून पुन्हा पसरवतो. पुष्कळदा पाट गोठ्याजवळून नेलेला असतो, म्हणजे शेणखतही आपसूक पोचतं.

पाणी तुंबवून ठेवत, हेही खोटं. वाहतं ठेवणं हीच तर मेख. झऱ्याचं पाणी हिवाळ्यातही सुमारे १० अंशांचं असतं, त्यामुळे मुळांशी जमीन गोठत नाही आणि व्यालेल्या मेंढ्यांना लवकर कोवळा चारा मिळतो. साचलं की मुळं गुदमरतात, लव्हाळे माजतात. काठ एका जागी खचला तर सगळं पाणी तिथूनच पळतं, घळ पडते, बाकीचं कुरण कोरडं.

लायडारच्या, म्हणजे विमानातून लेसरने जमिनीचा चढउतार मोजून केलेल्या, नकाशावर मेंढ्यांच्या वाटाही अशाच दिसतात, तेव्हा घाई नको. चराचं वरचं टोक शोधावं. ते झऱ्याशी, ओढ्याशी किंवा गोठ्याच्या तळ्याशी पोचलं, तर तो पाटच.