झोरान राद्मिलोविच : संहितेत न मावलेला नट

झोरान राद्मिलोविच बेलग्रेडच्या रंगभूमीवर वीस-एक वर्षं पदरची वाक्यं घालत राहिला आणि त्यासाठीच लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढत राहिले. हे चाललं कसं, याचं उत्तर त्याच्या आधीच्या काळात आहे.

१९४८ मध्ये युगोस्लाव्हियाचा सर्वेसर्वा टिटो याचं सोव्हिएत नेता स्टालिनशी फाटलं. सोव्हिएत धाटणीच्या कलेची सक्ती सैल झाली, पण नेमकी कुठवर, हे कुणीच सांगेना. १९५४ मध्ये बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ बेलग्रेड ड्रामा थिएटरमध्ये तालमीतच अडलं आणि मग एका चित्रकाराच्या स्टुडिओत निमंत्रितांपुढे झालं. दोन वर्षांनी तेच नाटक उघडपणे लागलं ते ‘आतेल्ये २१२’मध्ये. ‘बोर्बा’ या वृत्तपत्राच्या इमारतीतल्या या नाट्यगृहात २१२ खुर्च्या होत्या, म्हणून हे नाव. मिरा त्राइलोविच आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे पश्चिमेकडची नवी नाटकं आणली.

राद्मिलोविचला अशीच जागा हवी होती. १९३३ मध्ये पूर्व सर्बियातल्या झायेचार गावी जन्मलेला हा माणूस कायदा आणि वास्तुशास्त्र चाखून मग नाटकाकडे वळला होता. १९६४ मध्ये ‘आतेल्ये’त दिग्दर्शक ल्युबोमिर द्राश्किचने त्याला फ्रेंच नाटककार आल्फ्रेद जारीच्या ‘राजा उबू’त घेतलं. अधाशी, भित्रा, क्रूर राजा. आणि देशात टिटोची सत्ता. राद्मिलोविच रोज नवं काहीतरी बोलायचा, सहकलाकारांना हसू आवरेनासं व्हायचं. १९६८ मध्ये हे नाटक न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरपर्यंत गेलं.

त्याचं खरं नाव झालं ते मात्र १९७३ च्या ‘राडोवान तिसरा’ने. दिग्दर्शक पुन्हा द्राश्किच, लेखक पंचविशीतला दुशान कोवाचेविच. उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये राहणारा, शेजारच्या विलोतिच कुटुंबाशी हाडवैर धरलेला, मालिकेतल्या नायकासाठी जीव टाकणारा हा बाप गाव सोडून शहरात आलेल्या प्रत्येक घराला ओळखीचा होता. नाटकाचे २९९ प्रयोग झाले. संहिता हळूहळू नटाच्या ताब्यात गेली. लेखकाचं काय आणि त्याचं काय, हे प्रेक्षकाला सांगता येईना. एरवी अशा सवयीने नाटकाचा बट्ट्याबोळ होतो. इथे झाला नाही, कारण तो विनोद फेकत नव्हता. राडोवान त्या क्षणी काय बोलला असता, तेच बोलायचा.

पडद्यावर त्याला इतकी मोकळीक क्वचितच मिळाली. तरी दिग्दर्शक माकावेयेवच्या १९७१ च्या ‘डब्ल्यू. आर.’ या चित्रपटात आणि ‘मॅरेथॉनपटूंची सन्मान-फेरी’त (१९८२) गुंड बिली पायथन म्हणून तो लक्षात राहतो. दिग्दर्शक कुस्तुरित्साच्या ‘वडील कामानिमित्त बाहेरगावी’तही त्याची छोटी भूमिका होती. मे १९८५ मध्ये या चित्रपटाला कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. जुलैमध्ये राद्मिलोविच गेला, ५२ व्या वर्षी. ‘राडोवान’चं चित्रीकरण सुदैवाने १९८३ मध्ये झालं होतं. ज्यांनी त्याला रंगमंचावर कधी पाहिलं नाही, त्या पिढीलाही त्यातले संवाद पाठ आहेत.

झायेचारचं नाट्यगृह आता त्याच्या नावाने चालतं. तिथल्या नाट्यमहोत्सवात नटांना दिल्या जाणाऱ्या पुरस्काराचं नाव आहे ‘झोरानची मिशी’.