आप्तसंगोपन (कोकण)

आईवडील हयात नसताना, पोटापाण्यासाठी दूर असताना किंवा सांभाळायला असमर्थ असताना मुलाने आजी-आजोबा, मामा, मावशी, काका वा आत्या यांच्या घरी वाढण्याची रीत. रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत तिला मुंबईच्या चाकरीने बळ दिले: चाळीतल्या खोलीत जागा नाही, म्हणून मूल गावी आजीजवळ. मूळगाव आंबडवे (ता. मंडणगड) असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही आई गेल्यावर आत्या मीराबाईंनी सांभाळले. ते मात्र साताऱ्यात.

मूल कोणाकडे राहणार हे बहुधा तेराव्यापर्यंत ओटीवर बसूनच ठरते. कागद कोणी करत नाही, आणि पुढे सगळे अडते ते कागदापाशीच. रेशनकार्डावरचे नाव मुंबईत, शाळेचा दाखला तिसरीकडे. जातीच्या दाखल्याला वडिलांकडचे पुरावे लागतात, त्यामुळे मामाकडे वाढणाऱ्या मुलाला चुलत्यांच्या दारात जावे लागते. जमिनीवरून बोलणे बंद असेल तर दाखलाही रखडतो.

बाल न्याय अधिनियम, २०१५ मधील प्रतिपालकत्व (कलम ४४) ही वेगळी व्यवस्था आहे. तीत बालकल्याण समिती मुलाला पारखून घेतलेल्या दुसऱ्या कुटुंबात ठेवते. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होता येते, आणि सांभाळलेले मूल दत्तक घेण्याआधी ते घरात पाच वर्षे राहिलेले असण्याची अट आता दोन वर्षांवर आली आहे. नातेवाइकांकडच्या अनाथ मुलासाठी कलम ४५ चे प्रायोजकत्व, म्हणजे संगोपनासाठी पैशांची मदत आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून त्यासाठी महिना ४,००० रुपये मिळतात. ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ७२,००० रुपये. राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये आहेत आणि एकच पालक उरलेले मूलही तीत बसते.

रक्कम समितीच्या आदेशाशिवाय सुटत नाही. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, मग गृहभेट. मंडणगडहून रत्नागिरीला खेप घालणाऱ्या आजीचा अख्खा दिवस एसटीत जातो. आईवडील दोघे धडधाकट असून नुसते मुंबईला असतील, तर ते मूल सहसा कुठल्याच योजनेच्या यादीत येत नाही. कोकणात अशी मुले घरोघर दिसतात, तरी सरकारी कागदांत ती नसल्यातच जमा.

खरी गुंतागुंत वारस नोंदीत असते. बाप गेला की सातबाऱ्यावर अज्ञान (अठरा वर्षांखालील) मुलाचे नाव लागते आणि पुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून एखाद्या मोठ्या माणसाचे. तो पुष्कळदा त्याच सामायिक जमिनीतला हिस्सेदार चुलता असतो. सांभाळणारी आजी आईकडची असेल तर तिला सातबारा पाहायलाही मिळालेला नसतो. अठरा वर्षे पूर्ण झाली की योजनेची रक्कम थांबते. अ.पा.क.चा शेरा मात्र आपोआप जात नाही. तो काढायला मुलाने वयाचा पुरावा घेऊन तलाठ्याकडे स्वतः अर्ज द्यावा लागतो.