वायादोलिदच्या वादामागे काय होतं?

ऑगस्ट १५५० मध्ये स्पेनमधल्या वायादोलिद शहरात राजाने नेमलेले चौदा जण एका वादाचा निवाडा करायला बसले. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना आधी शस्त्राने नमवायचं आणि मग धर्म सांगायचा, हे न्याय्य आहे का, असा प्रश्न होता. हो म्हणणारा विद्वान सेपुल्वेदा, नाही म्हणणारा पाद्री बार्तोलोमे दे लास कासास. जिंकणाऱ्यानेच आपल्या जिंकण्याची अशी झाडाझडती घ्यावी, हे नवलच.

याचं मूळ १४९३ मध्ये आहे. पोप सहावा अलेक्झांडर याने नवा मुलूख स्पेनच्या राजाराणीला बहाल केला. तिथल्या लोकांना ख्रिस्ती करायची जबाबदारीही त्यासोबत आली. १५०८ मध्ये तिथल्या बिशपपदांसाठी नावं सुचवण्याचा हक्क राजाला मिळाला. चर्च राजाच्या दावणीला बांधलं गेलं ते असं.

या सोयरिकीचं सगळ्यात विचित्र अपत्य म्हणजे १५१३ चा ‘रेकेरिमिएन्तो’. हल्ल्याआधी वाचायचा हा जाहीरनामा. पोपने हा मुलूख आमच्या राजाला दिलाय, निमूट मान्य करा. नाहीतर युद्ध, गुलामी, आणि दोष तुमचाच. वाचायचा तोही स्पॅनिशमध्ये! कधी ओस पडलेल्या झोपड्यांपुढे, कधी गलबतावरूनच वाचून मोकळे होत. यावर हसावं की रडावं तेच कळत नाही, असं याच लास कासासने लिहून ठेवलंय.

विरोधाचा आवाजही चर्चमधूनच उठला. डिसेंबर १५११ मध्ये कॅरिबियनमधल्या सांतो दोमिंगोत आंतोनिओ दे मोंतेसिनोस या डॉमिनिकन पंथाच्या साधूने समोर बसलेल्या जमीनदारांना भर प्रवचनात विचारलं होतं, ‘ही माणसं नाहीत का?’ त्या प्रश्नाला तर्काचा पाया घातला तो सालामांका विद्यापीठातल्या फ्रान्सिस्को दे व्हितोरियाने. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताचा नैसर्गिक कायदा त्याच्या हाताशी होता: बुद्धीला उमगणारा, म्हणून ख्रिस्ती असो-नसो, सगळ्यांना लागू. १५३९ मधल्या व्याख्यानांत त्याने सरळ मांडलं की धर्म वेगळा म्हणून कुणाची जमीन किंवा सत्ता परकी होत नाही, आणि पोप हा जगाचा ऐहिक धनी नाही. म्हणजे १४९३ च्या दानपत्रालाच सुरुंग. त्याच वर्षी सम्राट पाचव्या चार्ल्सने, म्हणजे स्पेनच्याच राजाने, व्हितोरियाच्या मठाच्या प्रमुखाला पत्र धाडलं: असल्या चर्चा बंद करा.

त्याआधी दोन वर्षं, १५३७ मध्ये, पोप तिसरा पॉल यानेही अमेरिकेतल्या या लोकांचं स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावता येणार नाही असं जाहीर केलं होतं. त्याच्या अंमलबजावणीचा आदेश मात्र सम्राटाच्या दबावापुढे १५३८ मध्ये मागे घ्यावा लागला. हाच पोप १५३४ मध्ये गोव्याला धर्मप्रांताचा दर्जा देऊन बसला होता. तिथेही ‘पाद्रुआदो’ या नावाने चर्च राजाच्या हाती देणारी तीच व्यवस्था होती, फक्त राजा पोर्तुगालचा.

वायादोलिदला सेपुल्वेदा अॅरिस्टॉटलचा हवाला देत होता: काही माणसं जन्मतःच गुलाम. त्याचं बोलणं काही तासांत आटोपलं. लास कासास पाच दिवस आपलं बाड वाचत राहिला. एके काळी क्युबात त्याच्याकडेही राबायला मूळ रहिवासी होते. १५१४ मध्ये त्याने ते सोडून दिले. त्यांच्याऐवजी आफ्रिकी गुलाम आणा, असाही सल्ला त्याने दिला होता, आणि त्याचा पश्चात्तापही स्वतःच नोंदवला.

१५५१ मध्ये दुसरी फेरी झाली. एकमताचा निकाल कधीच लागला नाही. दोघांनीही आपणच जिंकल्याचं सांगितलं.