एफआयआर बघितला म्हणजे रेकॉर्ड बघितलं असं नव्हे

ग्रामपंचायतीचे अर्ज भरायची तारीख जवळ आली की गावोगावच्या ग्रुपांवर एफआयआरच्या पीडीएफ फिरायला लागतात. वर लिहिलेलं असतं, "हे बघा याचं रेकॉर्ड." सोयरीक जमवताना, पतसंस्थेत माणूस ठेवताना, जमीन वाट्याने देतानाही तोच प्रकार. माणूस दोषी ठरला की नाही हे एफआयआरमध्ये नसतंच, ते कोर्टाच्या नोंदीत असतं. तालुक्याच्या कोर्टाची नोंदही आता मोबाइलवर दिसते. तरी लोक पोलिसांच्या वेबसाइटवरच थांबतात आणि त्यात माणसांची नावं खराब होतात.

एफआयआर कुठे मिळतो हे बहुतेकांना ठाऊक आहे. सुप्रीम कोर्टाने ७ सप्टेंबर २०१६ च्या निकालात तो २४ तासांत वेबसाइटवर टाकायला सांगितलं. दुर्गम भागासाठी मुदत ७२ तासांपर्यंत वाढते. लैंगिक गुन्हे, पॉक्सो (मुलांवरचे लैंगिक गुन्हे), दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं वगळलेली आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा आणि पोलीस ठाणं निवडलं की यादी येते. अदखलपात्र तक्रार, म्हणजे एनसी, हा एफआयआर नाही, एवढंही लक्षात ठेवा.

खरी गल्लत पुढे आहे. एफआयआरचा छापील नमुना नीट बघा. सातव्या रकान्यात आरोपीचं नाव, बाराव्यात फिर्यादीने सांगितलेली हकीकत, तेराव्यात पोलिसांनी काय कारवाई केली ते. हा कागद ज्या दिवशी तयार झाला त्या दिवसापुरताच बोलतो. पुढे तपासात सातव्या रकान्यातलं नाव वगळलं गेलं, तरी हे पान तसंच राहतं. समरी म्हणजे खटला न चालवता तपास बंद करावा असा पोलिसांचा कोर्टाला अहवाल. पोलिसांनी बी समरी पाठवली, म्हणजे फिर्यादच खोटी निघाली, तरी तसंच. बांधाच्या वादातली फिर्याद दिवाणी स्वरूपाची ठरून सी समरीत गेली, तरी तसंच. आणि खटला चालून माणूस निर्दोष सुटला, तरीही त्या पीडीएफमध्ये एक अक्षर बदलत नाही. पेरणीची तारीख दाखवून पीक किती आलं हे सांगता येत नाही, तसं हे आहे.

कोर्टाचं पान मात्र तारखेगणिक बदलतं. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवर राज्य, जिल्हा आणि कोर्टाचं संकुल निवडायचं. केस सापडली की दाखल झाल्याची तारीख, कलमं, आजवरच्या तारखा, पुढची तारीख, निकाल लागला असेल तर तोही एकाच पानावर मिळतो. पोलिसांनी पाठवलेल्या प्रकरणात खाली एफआयआरचा तपशीलही असतो: ठाणं, नंबर, वर्ष. पोलिसांचा गुन्हा रजिस्टर नंबर, म्हणजेच एफआयआरचा नंबर, वेगळा आणि कोर्टाचा नंबर वेगळा, हे इथे कळतं. न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कोर्टाचा नंबर बहुधा आरसीसी (नियमित फौजदारी खटला) किंवा एससीसी (संक्षिप्त फौजदारी खटला) अशा अक्षरांनी सुरू होतो. वकिलाकडे गुन्हा रजिस्टर नंबर घेऊन जाणारे आणि ठाण्यात आरसीसी नंबर विचारणारे, दोघंही रिकाम्या हाताने परततात.

त्या पानावरही एक शब्द फसवतो: निकाली. केस निकाली निघाली याचा अर्थ माणूस सुटला असा नाही, आणि त्याला शिक्षा झाली असाही नाही. खून किंवा खुनाच्या प्रयत्नासारखं प्रकरण तालुक्याचे न्यायदंडाधिकारी चालवूच शकत नाहीत, ते सत्र न्यायालयाकडे वर्ग करतात. वर्ग केलं की तालुक्याच्या पानावर केस निकाली दिसते, आणि सत्र न्यायालयात नव्या नंबराने खटला उभा राहतो. पहिल्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन "सुटला, सुटला" म्हणणारे आरोपीचे पाठीराखे मला एफआयआर फिरवणाऱ्यांइतकेच खटकतात. उलट मारहाणीचं किरकोळ प्रकरण लोकअदालतीत तडजोडीने मिटलं, तरी तेही निकालीच. म्हणून निकाली कसं निघालं हे सांगणारी ओळ वाचा. शिक्षा, निर्दोष, तडजोड, वर्ग यांपैकी काय ते तिथे दिसतं. निकालपत्र जोडलेलं असेल तर उघडून शेवटचा आदेश वाचा.

शोधायचं कसं, यावर माझं मत ठाम आहे: हातात एफआयआर असेल तर एफआयआर नंबरानेच शोधा, नावाने नको. नावं इंग्रजीत चढवलेली असतात आणि स्पेलिंगचा काही नेम नसतो. विदर्भातल्या अनेक जाधवांच्या नावाचा शेवट 'ए ओ'ने होतो, सातारा-सांगलीकडे 'ए व्ही'ने. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. त्यात एका गावात त्याच नावाचे, त्याच आडनावाचे चार जण असतात. वडिलांचं नाव आणि गाव जुळल्याशिवाय केस कुणाच्या माथी मारू नका. हा नियम मी कुणासाठीही सैल करणार नाही.

पोलीस ठाण्याची हद्द आणि तालुक्याची हद्द एकच असते असं धरूनही चालू नका. काही गावं महसुलाला एका तालुक्यात आणि पोलिसांना दुसऱ्याच ठाण्यात असतात. आधी ठाणं पक्कं करा, मग त्याचं कोर्ट.

एफआयआर नंबर टाकूनही काही आलं नाही, तर दोषारोपपत्र अजून गेलेलं नसेल, समरी गेली असेल किंवा नोंद करताना नंबर राहिला असेल. "याच्यावर काही नाही" असा अर्थ त्यातून निघत नाही. उलटही घडतं. चेक न वटल्याची कलम १३८ ची केस फौजदारीच, पण ती थेट कोर्टात दाखल होते, तिला एफआयआर नसतोच. आणि हायकोर्टाने एफआयआर रद्द केला असेल तर तो आदेश हायकोर्टाच्या वेबसाइटवर शोधावा लागतो. साताऱ्या-सोलापूरची, रत्नागिरी-सिंधुदुर्गची प्रकरणं १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापुरातल्या सर्किट बेंचकडे आहेत, त्यामुळे तिकडे मुंबईच्या यादीत शोधून थांबू नका.

दोषारोपपत्र ऑनलाइन कुठे मिळेल, हे विचारणं सोडा. २० जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की ते वेबसाइटवर टाकता येणार नाही. आरोपीला त्याची प्रत मिळते, शेजाऱ्याला नाही. चारित्र्य पडताळणीचा दाखलाही ज्याचा त्यानेच काढायचा असतो. माणूस ठेवताना तो त्याच्याकडूनच मागा.

कागद खरंच हवा असेल तर कोर्टाच्या नक्कल विभागात निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. खटल्यात पक्षकार नसाल तर प्रत कशासाठी हवी ते कारण लिहावं लागतं. अर्जावर कोर्टाचा केस नंबर घाला, गुन्हा रजिस्टर नंबर नव्हे.