रानातल्या क्रुसाच्या वाटेची पार्श्वभूमी

ठरावीक ठिकाणे घेत चालण्याची यात्रा सोलापूरकराला समजावून सांगावी लागत नाही. गड्ड्याच्या यात्रेत यण्णीमज्जनाच्या, म्हणजे तैलाभिषेकाच्या दिवशी नंदीध्वज ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या ६८ लिंगांच्या वाटेने निघतात आणि ती सारी स्थाने झाल्याशिवाय प्रदक्षिणा पुरी होत नाही. युरोपातल्या डोंगरा-रानांत आढळणारी ‘क्रुसाची वाट’, म्हणजे येशूच्या क्रूसयात्रेतील प्रसंगांची, चढणीवर अंतराअंतराने उभारलेली १४ स्थाने आणि माथ्यावरचे लहानसे प्रार्थनामंदिर, हीही चालण्याचीच उपासना आहे. मात्र ती जन्माला आली दूरच्या तीर्थाची बदली म्हणून.

मूळ तीर्थ जेरुसलेमचे. रोमन सुभेदार पिलात याच्या वाड्यापासून कालवारी या वधस्थळापर्यंत येशूने क्रूस वाहून नेला, त्या मार्गाचे स्मरण तेथे जाणारे यात्रेकरू करीत असत. तिथल्या पवित्र स्थळांची देखभाल पोप सहावे क्लेमेंट यांनी १३४२ मध्ये फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाच्या संन्याशांकडे सोपवली, आणि यात्रेकरूंना ही स्थळे दाखवण्याचे काम पुढे त्यांच्याकडेच राहिले. परंतु समुद्रप्रवासाचा धोका आणि खर्च सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा होता. म्हणून स्पेनमधील कोर्दोबाच्या आल्वारो या डोमिनिकन संघाच्या संन्याशाने पवित्र भूमीहून परतल्यावर, पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात, आपल्या शहराजवळच्या डोंगरातील मठाच्या आवारात त्या प्रसंगांची छोटी प्रार्थनास्थळे उभारली.

अशा वाटांमध्ये अंतराला किती महत्त्व होते हे जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला स्पष्ट दिसते. सोळाव्या शतकाच्या आरंभी आडाम क्राफ्ट या शिल्पकाराने शहराच्या वेशीपासून दफनभूमीपर्यंतच्या रस्त्यावर दगडी शिल्पपट उभारले. स्थाने तेव्हा सातच होती. येशूची आईशी भेट दाखवणाऱ्या पहिल्या पटाखाली, ही जागा पिलाताच्या घरापासून २०० पावलांवर आहे, असे कोरलेले आहे. ही मापे आणायला गेलेल्या गृहस्थाने ती वाटेत हरवली आणि तो पुन्हा जेरुसलेमला गेला, अशी दंतकथा सांगतात. ती खरी मानण्याचे कारण नाही, पण पावलांचा हिशेब चुकू नये ही त्या काळची ओढ तिच्यातून नेमकी कळते.

रानाची निवड अधिक विचारपूर्वक झाली ती पोलंडमध्ये. क्राकूव्हचा प्रांताधिकारी मिकोवाय झेब्झिडोव्स्की याने १६०० नंतर आपल्या जहागिरीतील डोंगरउतार जेरुसलेमच्या भूरचनेशी ताडून पाहिले, प्रार्थनामंदिरे त्यानुसार पसरवून बांधली आणि तिथल्या नदीला शुभवर्तमानातल्या किद्रोन ओढ्याचे नाव दिले. हे स्थळ १९९९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले.

आजची १४ ही संख्या त्यामानाने अलीकडची आहे. फ्रान्सिस्कनांना आपल्या चर्चमध्ये स्थाने मांडण्याची मुभा १६८६ मध्ये मिळाली, आणि १७३१ मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी ती इतर चर्चना देताना संख्या १४ अशी निश्चित केली. त्यानंतर वाट भिंतीवर चढली. सोय झाली खरी, परंतु पावलांचे माप तिथे संपले. माझ्या मते रानातल्या वाटांचे खरे वेगळेपण ते माप टिकवण्यात आहे, निसर्गशोभा ही दुय्यम गोष्ट. चर्चच्या नियमाप्रमाणे आवश्यक असतात ते फक्त १४ क्रूस. चित्रे आणि पुतळे ऐच्छिक. त्यामुळे गरीब गावालाही झाडांमधल्या पायवाटेवर खांब रोवून ही वाट उभी करता आली.

सोलापुरातल्या अनेक ख्रिस्ती घराण्यांची परंपरा अमेरिकन मराठी मिशनच्या प्रॉटेस्टंट उपासनेची आहे. तीत ही स्थाने रूढ नाहीत. कॅथलिक कुटुंबांना मात्र ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील शुक्रवारची ही भक्ती परिचित आहे. येशूचे तीन वेळा पडणे किंवा वेरोनिकेने त्याचा चेहरा पुसणे हे प्रसंग शुभवर्तमानांत नाहीत, लोकश्रद्धेतून आले आहेत. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ मध्ये रोमच्या कोलोसियममध्ये केवळ बायबलमधील प्रसंगांवर आधारलेली १४ स्थाने वापरली, पण या नव्या मांडणीने जुन्या मांडणीची जागा घेतली नाही, आणि डोंगरवाटांवरच्या चौथऱ्यांवर बहुधा जुनेच प्रसंग आढळतात.