गव्हाचे पहिले तीन आठवडे

महाराष्ट्रातल्या गव्हाची मुख्य अडचण म्हणजे अपुरी थंडी. फेब्रुवारीत ओंबीत चीक भरत असतो आणि नेमके तेव्हाच ऊन तापू लागते. तापमान 25 अंशांच्या फार वर गेले की साखरेचा स्टार्च करणारे विकर (एन्झाइम) मंदावते आणि दाणा चिमतो. म्हणून बागायती गहू 1 ते 15 नोव्हेंबरमध्ये पेरावा. पुढच्या प्रत्येक पंधरवड्याला हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पादन घटते. उशिरा पेरलेल्या गव्हाला फुटवे (बुडातून निघणाऱ्या जादा काड्या) धरायला दिवस कमी मिळतात, त्यामुळे हेक्टरी 100 ऐवजी 125 किलो बियाणे लागते आणि ओळींतले अंतर 20 ऐवजी 18 सेंटिमीटर ठेवतात.

पेरणीच्या खोलीकडे मात्र फारसे कुणी बघत नाही. 1960च्या दशकात मेक्सिकोहून बुटक्या जाती आल्या. त्यांच्या ज्या जनुकाने ताट आखूड केले, त्यानेच कोंबाभोवतीचे आवरणही आखूड केले. जुने उंच गहू खोल ओलीत पेरले तरी वर येत. बुटका गहू 8-10 सेंटिमीटर खोल गेला तर आवरण जमिनीखालीच संपते, कोवळे पान मातीत दुमडते आणि उगवण विरळ होते. म्हणून पेरणीआधी ओलवणी (पाणी) देऊन, जमीन वाफशावर म्हणजे ओलसर पण भुसभुशीत असताना, 5-6 सेंटिमीटरच खोल पेरावे.

बी कितीही खोल असो, मुकुटमुळे, म्हणजे रोपाच्या बुडातून निघणारी कायमची मुळे, फुटतात ती वरच्या दोन-तीन सेंटिमीटर मातीत. हाच थर आधी वाळतो. पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांनी तिथे ओल नसेल तर ही मुळे नीट सुटत नाहीत, फुटवेही कमी येतात, आणि नंतर कितीही पाणी दिले तरी ती कसर भरून निघत नाही. दोनच पाळ्यांइतके पाणी असेल तर पहिली 20-22 दिवसांनी आणि दुसरी 60-65 दिवसांनी द्यावी.

वाण पाण्यावर आणि पेरणीच्या तारखेवर ठरवावा. निफाडच्या संशोधन केंद्राचे त्र्यंबक आणि तपोवन वेळेवरच्या बागायतीसाठी आहेत, तर फुले समाधान उशिराही चालतो. जिरायतीला पंचवटी हा बन्सी (शेवया-रव्याचा कठीण) गहू घ्यावा. चपातीच्या गव्हात 42 गुणसूत्रे असतात, बन्सीत 28. बन्सीचे ग्लुटेन कमी ताणले जाते, पण घट्ट असते, म्हणून त्याच्या शेवया शिजल्यावर लगदा होत नाहीत. खपली या जुन्या गव्हातही 28च गुणसूत्रे असतात, पण मळणीनंतर टरफल दाण्याला चिकटूनच राहते. ते काढायला कांडप करावे लागते, तेव्हा विक्रीचा भाव ठरवताना ही मजुरी आणि टरफलाची घट दोन्ही धरावीत.