पोक्सोची अपिलं आणि एका शब्दाचा घोळ

14 नोव्हेंबर 2012 रोजी पोक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांना संरक्षण देणारा कायदा, लागू झाला. त्याआधी बलात्काराच्या व्याख्येत न बसणारा मुलीवरचा अत्याचार बहुधा विनयभंगात, म्हणजे भारतीय दंडसंहितेच्या कलम 354 खाली जाई. साडेसात महिन्यांच्या बाळाला ‘विनय’ असतो का, यावरही अपील झालं. उच्च न्यायालय ‘नाही’ म्हणालं. 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बहुमताने फिरवलं.

पोक्सोच्या कलम 7 मध्ये ‘विनय’ नाही. तिथे लैंगिक हेतू आणि स्पर्श पाहिला जातो. त्यामुळे हा घोळ संपायला हवा होता, पण तो ‘शारीरिक संपर्क’ या शब्दांत पुन्हा शिरला. नागपूरच्या एका प्रकरणात एका माणसाने पेरू देतो म्हणून 12 वर्षांच्या मुलीला घरात नेलं होतं. सत्र न्यायालयाने पोक्सोखाली शिक्षा दिली. जानेवारी 2021 मध्ये अपिलात उच्च न्यायालयाने म्हटलं, की स्पर्श कपड्यांवरून झाला, त्वचेला त्वचा लागली नाही, म्हणून कलम 7 लागत नाही. उरलं 354. किमान शिक्षा तीन वर्षांवरून एका वर्षावर आली.

मुलीची साक्ष उच्च न्यायालयानेही खोटी मानली नव्हती. प्रसंग तोच राहिला, शब्दाचा अर्थ तेवढा आकसला, हेच फार बोचतं. मग कुणी रबरी हातमोजे घालून हेच केलं तर तो सुटणार का, असा सवाल सर्वोच्च न्यायालयात विचारला गेला. 18 नोव्हेंबर 2021 ला तीन न्यायमूर्तींनी तो निकाल रद्द केला. त्वचेचा संपर्क नव्हे, लैंगिक हेतू महत्त्वाचा, असं ठरलं आणि तीन वर्षांची सक्तमजुरी कायम झाली. घटना डिसेंबर 2016 ची. तोवर ती मुलगी सतराच्या घरात पोचली होती.

खटला शक्यतो वर्षात संपवावा, असं पोक्सोच म्हणतो. अपिलाला त्यात मुदत नाही. 2018 च्या फौजदारी कायद्यातल्या दुरुस्तीने काही गुन्ह्यांतलं अपील सहा महिन्यांत निकाली काढण्याचं बंधन आलं, पण त्या यादीत दंडसंहितेची बलात्काराची कलमं होती, पोक्सोची नव्हती. शिवाय शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी आधीपासून जामिनावर असेल, तर अपील करता यावं म्हणून शिक्षा सुनावणारं न्यायालयच त्याला सहसा पुन्हा जामीन देतं. कलम 7 च्या गुन्ह्याची शिक्षा सांगणाऱ्या पोक्सोच्या कलम 8 ची किमान शिक्षा नेमकी तीन वर्षं आहे. अपील हा आरोपीचा हक्कच आहे. पण तारखा पडत राहतात, तोवर तो माणूस त्याच वस्तीत परतलेला असतो.